निर्वासित आईबापांना पालकत्वाचे वर्ग सक्तीचे करावेत का?

दूरस्थ
'निर्वासित व स्थलांतरित पालकांना बाळाशी बोलावे-खेळावे कसे हेच ठाऊक नसते, म्हणून त्यांना पालकत्वाचे वर्ग सक्तीचे करावेत', हे तर्कट यांचे मत वाचून स्वस्थ बसवेना. प्रतिसादात मावणार नाही म्हणून स्वतंत्र धागा काढते. आश्रयाच्या अर्जाचा निकाल काय लागेल या धास्तीने रात्र जागून काढणारी आई बाळाच्या हुंकाराला ओ देण्यात उणी पडली, तर ते अज्ञान नव्हे. बालमनोविश्लेषक ॲना फ्रॉइड १९३८ मध्ये व्हिएन्ना सोडून लंडनला आल्या, म्हणजे स्वतः निर्वासितच. महायुद्धात सहकारी डोरोथी बर्लिंगहॅम यांच्यासह चालवलेल्या बालगृहांत त्यांना आढळले की, बॉम्बवर्षावापेक्षा आईपासूनची ताटातूट मुलांना अधिक जाचते. आधी कुटुंब एकत्र येऊ द्या, मग शिकवण्या घ्या.

तर्कट
निकाल लागेपर्यंत बाळाने वाढायचे थांबायचे काय? मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांच्या प्रयोगात आईने काही मिनिटे चेहरा निर्विकार ठेवला, तरी बाळ कासावीस होते. जिथे महिनोन्महिने तोच चेहरा समोर असतो, तिथे मदत तातडीनेच हवी. 'वर्ग' शब्द बोचत असेल तर दुसरा शोधा.

सावली
शब्द नव्हे, सक्ती बोचते. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी आई-बाळाच्या जवळिकीची सुरुवातीची निरीक्षणे युगांडातील खेड्यांत केली आणि १९६७ मध्ये ती ग्रंथरूपाने मांडली. आता तशाच खेड्यांतून आलेल्या बायकांना जवळीक शिकवायला आपण निघालो आहोत! माझ्या नणंदेचे बाळ दिवसभर तिच्या पाठीशी बांधलेले असे. गृहभेटीला आलेल्या बाईंनी टिपणात लिहिले, 'नजरभेट अपुरी'. पाठीवरच्या बाळाशी नजरभेट कशी करावी, हे मात्र त्यांनी लिहिले नाही.

एकटाकी
तुम्ही दोघेही दुभाष्याचा प्रश्न विसरलात. धाकट्या भावाच्या जन्मानंतरच्या तपासणीत आईचे बोलणे मीच सांगत असे, तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. परिचारिकेने विचारले, 'स्वतःला इजा करावी असे विचार येतात का?' मी ते आईला विचारले. तिने माझ्या वेणीची सुटलेली रिबीन बांधली आणि म्हणाली, 'सगळे ठीक आहे म्हणून सांग.' कागदावर तशी नोंद झाली. ती ठीक नव्हती, हे घरात सर्वांना दिसत होते. परंतु पोटच्या पोरीच्या तोंडून तिने दुसरे काय सांगायचे होते?

तर्कट
प्रसंग हृदयद्रावक आहे, तथापि किश्शांवर धोरण ठरत नाही. प्रत्येक भाषेचा प्रशिक्षित दुभाषी प्रत्येक दवाखान्यात ठेवायचा, तर पैसा कोठून आणायचा?

एकटाकी
सक्तीच्या वर्गांना पैसा आहे आणि दुभाष्याला नाही, हे गणित आपणच मांडा. दुभाषी दूरध्वनीवरूनही मिळतो. आणि तुमचे वर्ग तरी कोणत्या भाषेत भरणार, की तिथेही माझ्यासारखी एखादी पोर नेऊन बसवणार?

सावली
तर्कटराव, बालमनोविश्लेषक सेल्मा फ्रायबर्ग यांनी १९७० च्या दशकात आई-बाळावर त्यांच्या घरी, स्वयंपाकघरात बसून उपचार केले. तुम्हाला तातडी हवी ना? तो मार्ग खुला आहे; हजेरीपट तेवढा घरी ठेवून जावे लागेल.

तर्कट
ठीक आहे, 'सक्ती' मागे घेतली, पेढे वाटा. गृहभेट आणि दुभाषी, दोन्ही मान्य. मात्र दार वाजवूनही ते न उघडणाऱ्या घरातल्या बाळाचे काय करायचे, याचे उत्तर तिघांपैकी कोणीही दिलेले नाही.

दूरस्थ
आश्रयाचा अर्ज पडून असलेल्या घराचे दार वाजते तेव्हा आतल्यांना पोलीस आल्याचीच शंका येते. त्यांच्याच वस्तीतल्या एखाद्या अनुभवी बाईला मानधन देऊन सोबत न्या, मग दाराचे बोलू.