मूल्यसाखळीचा तक्ता भरला, आता पुढे काय?

नवी_कॉस्टिंगवाली:
पंप बनवणाऱ्या कंपनीत कॉस्टिंगला आहे. वरून आदेश आला, मूल्यसाखळी विश्लेषण करा, म्हणजे माल येण्यापासून विक्रीनंतरच्या सेवेपर्यंत कोणत्या कामावर किती खर्च होतो आणि त्यातून किती मूल्य वाढतं ते बघा. मॅनेजमेंटचे प्राध्यापक मायकेल पोर्टर यांच्या मांडणीतले पाच मुख्य आणि चार पूरक कामांचे चौकोन काढले. लेजरमधला माल, पगार, वीज, वाहतूक, घसारा त्यांत वाटून टाकला. निष्कर्ष काय, तर उत्पादनाचा खर्च सगळ्यात जास्त आणि विक्रीनंतरच्या सेवेचा किरकोळ. साहेब म्हणाले, "हे मला आधीही माहीत होतं." याचा खरंच उपयोग असतो, की नुसतं प्रेझेंटेशन सजवायला?

आकडेमोड:
ॲक्टिव्हिटीनुसार कॉस्टिंग करा, तेच ते.

जुना_कॉस्टवाला:
तेच ते नाही हो. ॲक्टिव्हिटीनुसार कॉस्टिंग केलं की कोणत्या कामाला किती पैसा लागला ते कळतं. तो पैसा कोणामुळे लागला, हे कळेलच असं नाही.

ताई, तुमचा तक्ता चुकलेला नाही, अर्धा आहे. पोर्टरने 1985 मध्ये ही मांडणी केली तेव्हा चौकोनांइतकाच भर त्यांच्यातल्या दुव्यांवर होता, म्हणजे एका कामाचा दुसऱ्या कामाच्या खर्चावर काय परिणाम होतो यावर. लोक चौकोन रंगवतात आणि दुवे विसरतात.

तुमच्याच धंद्यातलं बघा. खरेदी विभाग स्वस्त कास्टिंग (फाउंड्रीत ओतलेले धातूचे भाग) आणतो आणि बचत दाखवून शाबासकी घेतो. त्यातल्या काहींमध्ये कातडीखाली ब्लो होल, म्हणजे वायू अडकून झालेल्या पोकळ्या असतात. ती दिसतात कधी? मशीनवर दोन कट मारल्यावर. तोवर मशीनचे तास, टूल, ऑपरेटरचा वेळ सगळं त्या भंगारात गेलेलं असतं, आणि खर्च पडतो मशीन शॉपच्या नावावर. इम्पेलर म्हणजे पंपातलं फिरतं चाक. ते ओतताना त्याचा कोअर (आतली पोकळी घडवणारा साच्याचा भाग) थोडा सरकलेला असला, तर तो तपासणीतून सुटूही शकतो. मग पंप थरथरतो, सील गळतं, बेअरिंग जातं, आणि बिल फाटतं सर्व्हिसवर. लेजरला तीन वेगळी खाती दिसतात, कारण एकच आहे. म्हणून ‘सेवेचा खर्च किरकोळ’ हे वाक्य मी इतक्या सहज लिहिलं नसतं. वॉरंटीत फुकट दिलेले सुटे भाग कोणत्या खात्यात टाकलेत, बघा बरं. बहुतेक ठिकाणी ते सामान्य मालखपतीत मिसळलेले असतात.

फिरता_सेल्समन:
जुने साहेब बरोबर बोलतायत, पण कॉस्टिंगवाल्यांची नजर कायम कात्रीवर. आमच्याकडे इम्पेलरचं आणि केसिंगच्या आतलं फिनिशिंग ‘बाहेरून दिसत नाही’ म्हणून कमी करायचा प्रस्ताव आला होता. आतला पृष्ठभाग खरखरीत राहिला की घर्षण वाढतं, पंपाची कार्यक्षमता घसरते. जिथे पंप सतत चालतो तिथे गिऱ्हाइकाचा मोठा खर्च विजेचा असतो, खरेदीची किंमत त्यापुढे काहीच नाही. तो त्या फिनिशिंगचेच जादा पैसे देतो. कपात कागदावर छान दिसली असती, आणि आम्ही भावात घासाघीस करत बसलो असतो.

जुना_कॉस्टवाला:
मान्य. म्हणूनच साखळी आपल्या गेटपाशी संपवू नये, गिऱ्हाइकाच्या वीजबिलापर्यंत न्यावी. मागच्या बाजूला फाउंड्रीपर्यंत. मात्र प्रत्येक जादा खर्चाला ‘मूल्य’ म्हणायची सेल्सची सवय मला पटत नाही. गिऱ्हाईक पैसे मोजायला तयार आहे का, ते ऑर्डरमध्ये दिसलं पाहिजे.

नवी_कॉस्टिंगवाली:
वॉरंटीचे भाग खरंच मालखपतीत निघाले! आता ते कास्टिंगशी जोडायचे कसे?

जुना_कॉस्टवाला:
कास्टिंगवर हीट नंबर (ते धातूच्या कोणत्या वितळणीतलं आहे ते सांगणारा) असतो, पंपावर सिरियल नंबर. असेंब्लीच्या नोंदीत दोन्ही एकत्र आहेत का?

नवी_कॉस्टिंगवाली:
असेंब्लीत आहेत. सर्व्हिसच्या फॉर्मवर नुसतं ‘सील बदललं’ एवढंच लिहितात.

जुना_कॉस्टवाला:
मग फॉर्मवर सिरियल नंबरचा रकाना टाकून घ्या, आणि तो रिकामा असेल तर स्टोअरने सुटा भाग देऊ नये. काही महिन्यांच्या नोंदी साचल्या की पुरवठादारनिहाय लावा. साहेबांना नऊ चौकोन दाखवू नका, तो एकच कागद दाखवा.