राखाडी ओटा, पांढरी कपाटं आणि सांगलीची हळद

खिडकीउत्तरेला

सांगलीत विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावर जुना फ्लॅट घेतलाय. किचन पूर्ण उचकटून नवीन करायचंय. माझ्या डोक्यात ग्रे-व्हाइट पक्कं बसलंय: खालच्या ट्रॉल्या गडद ग्रे, वरची कपाटं पांढरी, ओटा फिकट ग्रे आणि डॅडोला, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीला, पांढऱ्या टाइल्स. सासूबाईंनी डिझाइनचा कागद हातात घेतला, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "राख सावडल्यासारखं दिसतंय." त्यालाही आता तीन दिवस झाले. घरात हा विषय कुणी काढत नाही.

आत्ताचं किचन म्हणजे चॉकलेटी सनमायका, मरून टाइल्स आणि दर चौथ्या टाइलवर द्राक्षांचा घड. तासगाव इतकं जवळ असताना भिंतीवर द्राक्षं कशाला, हे मला आजवर कळलेलं नाही. खिडकी उत्तरेला, समोर शेजारच्या बिल्डिंगची भिंत. भर दुपारी बारा वाजता ट्यूब लावावी लागते. पांढरं केलं तर निदान उजेड तरी खेळेल. दिवसातून दोनदा जिथं उभं राहायचं तिथं डोळ्यांना जरा शांत वाटावं, एवढंच मागणं आहे.

मतं द्या. फक्त "घरच्यांचं ऐका" एवढंच लिहायला येऊ नका.

यार्डातला

ताई, मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर आयुष्य काढलंय, त्यामुळे थोडं हक्काने बोलतो. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते काय उगाच नाही. चिमूटभर सांडली तरी बोटं दोन दिवस पिवळी. आणि तुम्ही तिच्यासमोर पांढऱ्या टाइल्स ठेवणार?

टाइल कदाचित पुसली जाईल. पण दोन टाइल्समधली फट? तिथे भरलेलं पांढरं सिमेंट फोडणीचं तेल शोषून घेतं, आणि हळदीचा रंग तेलातच विरघळतो, नुसत्या पाण्यात नाही. सहा महिन्यांत तुमच्या पांढऱ्या भिंतीवर पिवळ्या रेघांची चौकट उमटेल. आमच्या घरी उमटलीय. पांढरं किचन फोटोसाठी ठीक. त्या फोटोंत कधी कुणी पिठलं करताना बघितलंय का?

शाहूपुरी_सातारा

यार्डातले दादा, डाग चॉकलेटी सनमायक्यावरही पडतात, फक्त दिसत नाहीत. न दिसणारा डाग म्हणजे स्वच्छता, हे कुठलं शास्त्र? पांढऱ्यावर पडलेला डाग तिथल्या तिथे पुसला जातो. चॉकलेटीवरचा चिकटा दिवाळीच्या साफसफाईत सुरीने खरवडून काढावा लागतो.

आणि "राख सावडल्यासारखं" याचं मला खरंच हसू आलं. ताई, तुमच्या सासूबाईंबद्दल पूर्ण आदर ठेवून विचारते, त्यांच्या आईनं भांडी कशानं घासली? चुलीतल्या राखेनंच ना? आमचं जुनं घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला होतं. स्वयंपाकघराच्या भिंतींना चुना, खाली शेणानं सारवलेली जमीन, कोपऱ्यात काळ्या पाषाणाचं जातं आणि पाटा-वरवंटा. सगळा सह्याद्रीच त्या दगडाचा. पांढरा चुना आणि करडा दगड, हेच तर आपलं स्वयंपाकघर होतं! मरून टाइलवरची द्राक्षं नंतर आली.

यार्डातला

सातारकर ताई, वकिली झकास. पण त्या घरात रंगाचं काम भांडी करायची. पितळेचा डबा, तांब्याचा बंब, परातीत भिजवलेली कणीक, खुंटीला लसणाची माळ. आताच्या डिझाइनमध्ये ते सगळं शटरआड जातं. मागं उरतं काय? दवाखान्याची ओपीडी.

शाहूपुरी_सातारा

हा मुद्दा मान्य. मग चार पितळी डबे बाहेर ठेवा की! रंग भिंतीलाच चिकटवला पाहिजे असं थोडंच आहे?

ट्रॉलीमिस्त्री

मी कुपवाडात हेच काम करतो, अठरा वर्षं झाली. रंगावर भांडत बसू नका, मटेरियलवर भांडा. रंग पाच वर्षांनी बदलता येतो, फुगलेली पेटी नाही येत.

पयलं, ओटा. गिऱ्हाईक म्हणतं पांढरा मार्बल पायजे. मार्बल म्हणजे चुनखडी. चिंचेचा कोळ नाहीतर लिंबाची फोड रात्रभर राहिली की चमक खाल्लीच म्हणून समजा, आणि ते पुसून जात नाही, पॉलिशच मारावं लागतं. आपला कडप्पा पण त्याच जातीचा बरं का, काळा असला म्हणून काय झालं. मग लोक क्वार्ट्झकडे वळतात. दिसतो एक नंबर, डाग पण कमी धरतो. पण त्यात दगडाचा चुरा रेझिनमध्ये बसवलेला असतो. गॅसवरनं उतरवलेला तवा थेट ठेवला की रेझिन जळतं, पिवळट गोल उमटतो. आपल्याकडं भाकरीचा तवा उतरून ओट्यावरच ठेवायची सवय. सवय मोडणार असाल तर क्वार्ट्झ घ्या, नायतर ग्रॅनाइट. ग्रॅनाइटात स्टील ग्रे मिळतो, गडद असतो, त्यावर काय दिसत नाही. फिकट ग्रे ग्रॅनाइट घेतला तर सीलर मारूनच घ्या. नाहीतर शेगडीपुढं तेलाचा काळपट पट्टा उमटतो.

दुसरं, टाइल्सच्या फटी. यार्डवाल्या दादांचं खरं हाय, सिमेंटचं ग्राउट पिवळं पडतंच. इपॉक्सी ग्राउट भरा, थोडं महाग पडतं. आणि पांढरं कशाला, फिकट ग्रे ग्राउट भरा. टाइल पांढरी, फट ग्रे. मोठ्या टाइल्स घेतल्या तर फटीच कमी.

तिसरं, गडद ग्रे मॅट सनमायका दुकानात फार देखणा दिसतो. तेलकट हात लागला की पाची बोटं उमटतात. हँडल लावा, बिगरहँडलची फॅशन तुमच्यासाठी नाही. सिंकखालची पेटी बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्यानं न सुटणाऱ्या प्लायमध्येच करा, पाठीमागं आयएस ७१० चा शिक्का स्वतः बघून घ्या. मिस्त्रीच्या शब्दावर जाऊ नका, माझ्या पण.

गावभागकर

मिस्त्रींनी पेटीचा विषय काढला म्हणून लिहितोय. आमचं घर गावभागात तळमजल्यावर, कृष्णा नदीपासून हाकेच्या अंतरावर. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. त्याच वर्षी मार्चमध्ये आम्ही नवं किचन केलं होतं. तेही ग्रे, एमडीएफचं, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचं. पाणी ओसरल्यावर दार ढकलून आत गेलो तर शटर्स भिजलेल्या टोस्टसारखी फुगलेली. हात लावला की भुसा हातात यायचा. टिकून राहिलं काय? वडिलांनी बांधलेली कडप्प्याची फडताळं. पाइप लावून धुतली आणि दुसऱ्या दिवशी त्यावर डबे लावले.

आता खाली वीटकाम, कडप्पा आणि अॅल्युमिनियमची दारं आहेत. २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा नुसता गाळ काढावा लागला.

ताई, तुम्ही तिसऱ्या मजल्यावर आहात, तुम्हाला ही भीती नाही. मतच विचारताय तर सांगतो. तो गाळ वाळला ना, की भांडी, ओटा, देव्हारा, सगळ्यावर एकच राखाडी थर बसला होता. बायको आठवडाभर तेच धूत होती. तेव्हापासून आमच्या घरात तो रंग येत नाही. आमचं किचन आता पिवळं आहे. चांगलं बिंगलं काही दिसत नाही, पण पिवळं आहे.

खिडकीउत्तरेला

काका, यावर काय बोलू. सासूबाईंचं माहेरही गावभागातलंच. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

वास्तूबघा

आग्नेयेला अग्नी असतो. तिथे काळा-करडा चालत नाही. शेंदरी, पिवळा, लाल घ्या.

शाहूपुरी_सातारा

आणि शेगडी कुठल्या रंगाची येते तुमच्याकडे? आमच्याकडे काळीच मिळते.

दिव्याखाली

सगळे डागांवर बोलताय, उजेडावर कुणीच नाही. मूळ अडचण तर तीच आहे. उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन येत नाही, येतो तो आकाशाचा निळसर प्रकाश. त्यात निळी झाक असलेला ग्रे घेतला की किचन पावसाळी दुपारीसारखं दिसणार. वर ६५०० केल्व्हिनची, म्हणजे निळसर पांढरी ट्यूब लावली तर विचारूच नका, भाजीसुद्धा शिळी दिसते. ग्रे घ्यायचाच असेल तर थोडी मातकट, उबदार झाक असलेला घ्या, दिवे ४००० च्या आसपासचे, आणि वरच्या कपाटाखाली ओट्यावर प्रकाश पडेल अशी पट्टी. नाहीतर चिरताना स्वतःचीच सावली विळीवर.

शेड कार्डाच्या बोटभर चौकोनावरून रंग ठरवू नका. दोन बाय दोन फुटांचा पुठ्ठा रंगवून भिंतीला टेका, सकाळी आणि दिवेलागणीला बघा. एकच ग्रे दोन वेळेला दोन रंगांचा दिसतो.

माझं मत विरोधात. अंधाऱ्या किचनला गडद ग्रे ट्रॉल्या म्हणजे दुपारी पडदे ओढून बसण्यासारखं. पांढरं करा, ग्रे विसरा.

यार्डातला

म्हणजे नुसतं पांढरं? दिवेवाले, तुम्ही तर आगीतून फुफाट्यात टाकलंत.

ट्रॉलीमिस्त्री

खाली गडद पायजेच. पाय लागतो, फरशी पुसतानाचं पाणी उडतं, झाडू आपटतो. खाली पांढऱ्या ट्रॉल्या केलेलं गिऱ्हाईक वर्षात परत फोन करतं. उजेड वरनं येतो, खालनं नाही.

खिडकीउत्तरेला

चार दिवसांनी आले. मधल्या काळात एक उद्योग केला, तो सांगते.

दुकानातून तुकडे मागून आणले: पांढरं क्वार्ट्झ, फिकट ग्रे ग्रॅनाइट, स्टील ग्रे, पांढरी चकचकीत टाइल, गडद ग्रे मॅट सनमायका. जुन्या ओट्यावर रांगेनं मांडले. प्रत्येकावर गरम तेलात कालवलेली हळद, शेजारी कांदा-लसूण चटणी, त्याच्या शेजारी चिंचेचा कोळ. रात्रभर तसंच. नवरा म्हणाला, नैवेद्य छान मांडलायस.

सकाळी ओल्या फडक्यानं पुसलं. स्टील ग्रेवर काही नाही. टाइल स्वच्छ. फिकट ग्रॅनाइटवर तेलाचा गोल राहिला, मिस्त्री म्हणाले होते तसाच. मॅट सनमायक्यावर चटणी निघाली, पण माझी बोटं उमटली. क्वार्ट्झवर हळदीची पुसट पिवळी छटा. तो तुकडा गच्चीत उन्हात ठेवला, दोन दिवसांत छटा जवळजवळ उडाली. पण ओटा काही गच्चीत नेता येत नाही.

त्यामुळे फिकट ग्रे ओटा बाद, स्टील ग्रे घेतेय. खाली ग्रे ट्रॉल्या, पण मातकट झाकेच्या आणि हँडलसकट. डॅडो पांढरा, ग्राउट ग्रे आणि इपॉक्सी. दिवे ४००० चे. दिवेवाल्यांचं अर्धंच ऐकलं, राग मानू नका.

सासूबाईंशी रंगावर बोललेच नाही. गावभागच्या काकांचा प्रतिसाद तेवढा वाचून दाखवला. बराच वेळ गप्प होत्या. मग २०१९ मध्ये माहेरच्या घरातून काय काय बाहेर टाकलं ते सांगत बसल्या, लोणच्याच्या बरण्यांसकट. शेवटी म्हणाल्या, भिंत तेवढी पिवळसर ठेव, खिडकीकडची. ठेवतेय. म्हणजे ग्रे-व्हाइट राहिलंच नाही म्हणा, तीन रंग झाले.

तुकडे धुवायला मात्र त्याच बसल्या. क्वार्ट्झवर थोडी हळद राहिली होती, तिच्यावर कपड्याचा साबण घासला आणि डाग एकदम लालभडक झाला. मी घाबरले, म्हटलं गेला तुकडा. त्या हसायला लागल्या. "अगं, हळदीला चुना लागला की कुंकूच होतं. साबणाचंही तसंच." आणि तो लाल फेस बोटावर घेऊन बघत बसल्या.

यार्डातला

ताई, पिवळी भिंत म्हणजे नेमकी कुठली शेड? राजापुरी हळदीची असेल तर मी आक्षेप मागे घेतो.