मदत हवी आहे: मंगोलियन रॅपमधले यमक सापडत नाही

पश्चिमवारा: शनिवारी आमच्या श्रवणमंडळात मंगोलियन हिप-हॉपवर बोलायचे आहे आणि मी चार दिवस एकाच गाण्यावर अडले आहे. मोरिन खूर या मंगोलियन तंतुवाद्याच्या साथीने गायक आपल्या मुलखाविषयी बोलतो, परंतु ओळींच्या शेवटी यमक नाही. मग याला रॅप का म्हणावे? कृपया लवकर सांगावे.

रानवाट: गायक मंगोलियाची राजधानी उलानबातरचा आहे की चीनमधल्या अंतर्मंगोलियातला? आणि शब्द कोणत्या लिपीत वाचता आहात?

षड्ज: माझे ऐकाल, तर आधी खोमी, म्हणजे कंठगायन, ऐकवा. हू या वाद्यवृंदापासून सुरुवात करावी.

रानवाट: हू रॉक वाजवतात, प्रश्न रॅपचा आहे.

पश्चिमवारा: गायक उलानबातरचा आहे. माझ्यापुढे इंग्रजी भाषांतर आहे.

रानवाट: अडचण तिथेच आहे. मंगोलियन पारंपरिक पद्यात ओळींची तोंडे जुळवतात; त्याला ‘तोल्गोइ खोल्बोख’, म्हणजे ‘डोकी जोडणे’, असे म्हणतात. आपल्या ओवीत पहिल्या तीन चरणांचे शेवट जुळतात, तर तिथे ओळींचे आरंभ. रॅपर अंत्ययमकही वापरतात, परंतु ही जुनी सवयही अनेकांच्या रचनेत उतरली आहे. सिरिलिक, म्हणजे रशियनसारख्या लिपीतला, मूळ पाठ मिळवा आणि, भाषा येत नसली तरी, डावीकडची पहिली अक्षरे पाहा.

शाहीरपुत्र: म्हणजे हा त्यांचा पोवाडाच झाला.

रानवाट: मला तसे वाटत नाही. पोवाडा पराक्रमाची कथा सांगतो, तर त्यांचे स्तुतिगीत, म्हणजे ‘मागताल’, डोंगर, नदी आणि घोडा यांनाही वाहिलेले असते.

दूरदेशी: कोणी विचारले नसले तरी सांगतो, कारण या गाण्यांतली मंगोलियन अस्मिता १९९० च्या लोकशाही आंदोलनाशिवाय समजत नाही. समाजवादी राजवटीत चंगीझ खानाचा गौरव निषिद्ध होता. त्यामुळे पुढच्या पिढीने त्याचे नाव गाण्यात घेणे ही साधी गोष्ट नव्हती. मात्र हाच अभिमान काही गाण्यांत चिनी लोकांविषयीच्या द्वेषाकडे वळतो, हेही आपण श्रोत्यांना सांगावे. शिवाय देशाची जवळजवळ निम्मी वस्ती उलानबातरमध्ये असल्यामुळे, गेर, म्हणजे तंबूघरांच्या, वस्त्यांतला कोळशाचा धूर हा गवताळ माळाइतकाच त्यांचा मुलूख आहे. जेनीसारखी स्त्री रॅपरही अवश्य ऐकवावी.

पश्चिमवारा: पाठ मिळाला! दुसऱ्या कडव्याच्या चारही ओळी इंग्रजी एक्ससारख्या दिसणाऱ्या अक्षराने सुरू होतात. ते ‘ख’ वाचावे की ‘ह’?

रानवाट: दोन्हींच्या मधले, घशात घासत येणारे.