पनवेल तालुक्यात प्लॉट घेऊन 10 वर्षं थांबायचंय, हिशेब कसा मांडावा?

नवखा_गुंतवणूकदार:
नमस्कार मंडळी. नैना हद्दीत (नवी मुंबई विमानतळाभोवतीचं, सिडकोच्या नियोजनातलं क्षेत्र) 30 लाखांचा एनए (बिगरशेती) प्लॉट बघतोय. कर्ज नाही, 10 वर्षं विकायचा नाही. दलाल म्हणतो, विमानतळ सुरू झालं, 5 वर्षांत तिप्पट. थांबून खरंच किती सुटतं? आणि थांबताना काय सांभाळायचं?

हिशेबी:
आधी खरेदीचा खर्च धरा. मुद्रांक शुल्क 7 टक्के म्हणजे 2.10 लाख (हद्दीप्रमाणे थोडं कमी-जास्त), नोंदणी 30 हजार, दलाली 1 टक्का 30 हजार. प्लॉट पडला 32.70 लाखांना.

3 वर्षांत भाव 15 टक्के वाढला तर 34.50 लाख येतील. विकतानाची दलाली गेल्यावर हातात दीड लाखाच्या आत नफा, त्यावरही कर. एवढ्यासाठी कोण 3 वर्षं पैसे अडकवेल?

10 वर्षांत दुप्पट, म्हणजे 60 लाख झाले तर दलाली आणि 12.5 टक्के दीर्घकालीन भांडवली नफा कर वजा जाता सुमारे 56 लाख उरतात. वर्षाला साडेपाच टक्के! "दुप्पट झाला" ऐकायला गोड लागतं, पण मुदत ठेवीपेक्षा फार पुढे नाही. 10 वर्षांत तिप्पट झाला तर साडेनऊच्या आसपास. खर्च एकदाच होतो, म्हणून जितकं थांबाल तितका तो पातळ होतो. थांबण्याचा हा पक्का फायदा. बाकी सगळं त्या जागेला मागणी कशामुळे येणार यावर.

दलालाच्या तिप्पटीचं म्हणाल तर या विमानतळाची चर्चा 1997 पासूनची, भूमिपूजन 2018 चं, उद्घाटन ऑक्टोबर 2025 चं. अटल सेतू जानेवारी 2024 मध्ये खुला झाला. या बातम्या आजच्या भावात मुरलेल्या आहेत. रस्ता, पाणी आणि प्रत्यक्ष राहायला येणारी माणसं अजून कुठे यायची बाकी आहेत, तिथे बघा.

सातबारा_वाचक:
नैनात सगळ्यात आधी झोन दाखला (जमीन कुठल्या वापरासाठी ठरवली आहे ते सांगणारा) काढा आणि गट नंबर कुठल्या नगररचना योजनेत येतो ते सिडकोकडून बघून घ्या. योजनेत जमीनमालकाला साधारण 40 टक्के क्षेत्राचा अंतिम भूखंड मिळतो, तोही जागा बदलून मिळू शकतो. आज रस्त्याला लागून दिसणारा तुकडा उद्या तिथेच राहील असं धरू नका.

"एनए" शब्दावर जाऊ नका. एनए आदेश, मंजूर लेआउट आणि त्यात तुमचा प्लॉट नंबर, तिन्ही जुळले पाहिजेत. लेआउट 500 चौ.मी.पेक्षा मोठा आणि 8 हून जास्त प्लॉटचा असेल तर महारेरा (राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) नोंदणीही बघा. अख्ख्या गटाच्या सातबाऱ्यावर पाच जणांबरोबर नाव लागलं, तर तो प्लॉट नव्हे, सामाईक हिस्सा. विकताना इतरांशी वाटणीचं लचांड गळ्यात पडतं. वकिलाकडून जागेच्या मालकीचा 30 वर्षांचा शोध अहवाल घ्या.

खरेदीनंतर फेरफार (सातबाऱ्यावर तुमचं नाव लावण्याची नोंद) मंजूर झाला का ते स्वतः बघा. दस्त नोंदवला की काम झालं, असं नसतं. हद्द कायम मोजणी करून 'क' प्रत (मोजणीचा नकाशा) जपून ठेवा, खांब रोवा, तारेचं कुंपण घाला. दरवर्षी नवा सातबारा डाउनलोड करून 'इतर हक्क' या रकान्यात काही नवीन चढलंय का ते तपासा. दूर राहणाऱ्या मालकाने हे टाळलं आणि कुणी 12 वर्षं उघडपणे ताबा ठेवला, तर तो प्रतिकूल ताब्याचा दावा करू शकतो.

नवखा_गुंतवणूकदार:
धन्यवाद! मालक 10 लाख रोख मागतोय, दस्त 20 चा. मुद्रांक शुल्क वाचेल म्हणतो.

हिशेबी:
नको. वाचतील 70 हजार, नोंदणीत आणखी दहाएक हजार. पण विकताना तुमची खरेदी किंमत 20 लाखच धरली जाईल, त्या 10 लाखांवरही सव्वा लाख कर तुम्हीच भराल. शिवाय 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्यावर आयकराचा दंड आहे आणि तुम्हाला 10 लाखांचा स्रोत विचारला जाईल. रेडीरेकनरची (सरकारने ठरवलेली) किंमत दस्ताच्या रकमेपेक्षा 10 टक्क्यांहून जास्त वर असेल तर तो फरक तुमचंच उत्पन्न धरतात.