स्टेअरिंगचा पंप पार्किंगमध्ये बदलायचाय : सोसायटी ग्रुपवरची चर्चा

बी-३०४ : नमस्कार मंडळी. आमच्या जुन्या डिझेल गाडीचं स्टेअरिंग हल्ली फार जड झालंय. जागेवर पूर्ण वळवलं की बॉनेटखालून घूं घूं आवाज येतो. गॅरेजमध्ये दाखवली तर गाडी नीट न बघताच ‘पंप गेलाय, बदला’ म्हणाले. नाना पेठेतून पंप आणून रविवारी खाली पार्किंगमध्ये मीच बदलावा म्हणतोय. कुणी केलंय का हे काम?

सी-१०२ : दादा, आमच्या गाडीत असा पंपच नाही म्हणे. खरंय का?

ए-६०१ : खरंय ताई. तुमच्या गाडीत इलेक्ट्रिक मोटर स्टेअरिंगला जोर देते. सुझुकीने १९८८ मध्ये जपानमध्ये सर्व्हो या छोट्या गाडीत ती आणली, आणि आता बहुतेक छोट्या गाड्यांत तीच असते. तेल नाही, पट्टा नाही. ३०४ च्या गाडीत इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पंप आहे. तो तेलाला दाब देतो आणि त्या दाबाने रॅक, म्हणजे पुढची चाकं वळवणारा दांडा, सरकतो.

ए-६०१ : ३०४, माझी हयात वर्कशॉपमध्ये गेली म्हणून सांगतो, पंप विकत घेण्याआधी तीन गोष्टी बघा. पहिलं म्हणजे स्टेअरिंगच्या तेलाच्या डबीतली पातळी. तेल कमी असेल तर ते कुठेतरी गळतंय. दुसरा पट्टा. सैल किंवा गुळगुळीत झालेला पट्टा वळवताना किंचाळतो, तुमच्यासारखा घुमत नाही. तिसरी गोष्ट सगळे विसरतात : डबीतून पंपाकडे जाणारी रबरी नळी. तिचा क्लिप सैल झाला किंवा रबर तडकलं की तेल बाहेर येत नाही, उलट हवा आत ओढली जाते. मग तेलाला फेस येतो आणि चांगला पंपही ओरडायला लागतो. शंभरेक रुपयांच्या नळीसाठी लोकांनी नवे पंप बसवलेले मी पाहिलेत, म्हणून एवढं सांगतोय.

बी-३०४ : काका, आत्ताच खाली जाऊन पाहिलं. पातळी ठीक आहे, पट्टा घट्ट आहे, नळी आणि क्लिपही बरे दिसतात. पण तेल काळपट झालंय. आणखी काय बघू?

ए-६०१ : एक थेंब पांढऱ्या कागदावर टाका आणि उन्हात धरा. चकाकतंय का?

बी-३०४ : हो! बारीक चंदेरी कण आहेत.

ए-६०१ : मग पंप आतून झिजलाय. पात्या आणि त्या ज्या कड्यात फिरतात ते कडं, दोन्ही खरवडलं जातंय. नुसतं सील किट टाकून उपयोग नाही. बदला. पण आता काम वाढलं. तो चुरा नळ्यांत आणि रॅकमध्येही गेलाय. जुनं तेल ठेवून नवा पंप लावलात तर तोच चुरा नव्यालाही खाईल.

बी-५०२ : काका, बदलायला किती अवघड आहे?

ए-६०१ : खोलणं-बसवणं सोपं आहे. आधी पट्ट्याचा फोटो काढा, कुठल्या पुलीवरून कसा जातो त्याचा. बॅटरीची निगेटिव्ह काढा, कारण शेजारीच अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारं यंत्र, आहे. त्याच्यावर प्लास्टिक टाका, तेल पडू देऊ नका. दाबाच्या पाइपच्या बोल्टला दोन्ही बाजूंनी तांब्याचे वायसर असतात, ते नवेच लावा. जुने दाबले गेलेले असतात, हमखास गळतात. काही गाड्यांत पुली पंपाच्या दांड्यावर दाबून बसवलेली असते. तिला हातोडी लावायची नाही, पुलर आणायचा. एका ठोक्याने नव्या पंपाचं बेअरिंग जातं.

बी-५०२ : आणि तेल? माझ्याकडे ब्रेक ऑइलचा डबा आहे.

ए-६०१ : अजिबात नाही! ब्रेक ऑइलने पंपाची आणि रॅकची सगळी सीलं फुगून खराब होतात. काही गाड्यांना एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, लागतं, काहींना कंपनीचं वेगळं तेल. डबीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, तेच घ्या.

सेक्रेटरी : सूचना. गेल्या पावसाळ्यात कुणीतरी इंजिन ऑइल चेंबरमध्ये ओतलं होतं. तसं चालणार नाही. जमिनीवर पुठ्ठा अंथरा, सांडलं तर लाकडाचा भुसा टाका. जुनं तेल कॅनमध्ये भरून वापरलेलं तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. आणि दुपारी ४ च्या आत आवरा, नंतर मुलं खेळायला येतात.

बी-३०४ : नक्की साहेब. पुढची चाकं जॅकवर उचलून खाली विटा लावतो.

ए-६०१ : विटा नको, बाळा. वीट वजनाखाली एकदम फुटते, आधी कळत नाही. माझ्याकडे लोखंडी स्टँडची जोडी आहे, ती घेऊन जा. रॅम्पवर नाही, सपाट जागी, मागच्या चाकांना दोन्हीकडून अडण लावून. नुसत्या जॅकवर गाडी असताना खाली हातसुद्धा घालायचा नाही.

बी-३०४ : येतो घ्यायला काका. तेल धुवायचं कसं?

ए-६०१ : परतीची नळी डबीपासून काढून बाटलीत सोडा, डबीवरचं त्या नळीचं तोंड बुचाने बंद करा. डबी काढून तिच्या तळाची जाळी धुवून घ्या. मग इंजिन बंद ठेवून, किल्ली फिरवून स्टेअरिंगचं लॉक सोडा आणि एकाने स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवा. दुसऱ्याने नवं तेल घालत राहायचं. डबी कोरडी पडू द्यायची नाही. बाटलीत स्वच्छ तेल यायला लागलं की नळी परत लावा आणि बुडबुडे थांबेपर्यंत तसंच फिरवा. त्यानंतरच बॅटरी जोडून इंजिन चालू. कोरडा पंप काही सेकंद फिरला तरी नवेपण संपतं. चालू झाल्यावरही टोकाला धरून ठेवू नका, दाब तिथेच सर्वात जास्त असतो.

बी-५०२ : डबीजवळ मी उभा राहतो. सकाळी ९ ला खाली येतो.

सी-१०२ : आमच्या मुलालाही बघायचंय. बारावीला आहे, मेकॅनिकलला जायचं म्हणतो.

ए-६०१ : पाठवा. स्टेअरिंग फिरवायला त्यालाच बसवू.

बी-३०४ : काका, तेल किती आणू?

ए-६०१ : धुण्यासाठी धरून दोन लिटर. आणि वायसर विसरू नका.