रिकॉलचं पत्र टाकलं की कंपनी सुटली का?

मास्तर, जुळे सोलापूर

माझी हॅचबॅक २०१८ची. २०२२ मध्ये गावातल्याच एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडून घेतली. पहिला मालक पुण्याचा. गेल्या वर्षभरात ती चालता चालता तीनदा बंद पडली. दोनदा सात रस्त्यावर, तेव्हा मागच्यांचे हॉर्न ऐकून घेतले आणि ढकलून कडेला लावली. तिसऱ्यांदा रात्री साडेनऊला, पुणे हायवेवर, लांबोटीच्या अलीकडे. मागच्या सीटवर आई आणि मुलगी. ॲक्सिलरेटर दाबतोय, गाडी ओढत नाही. इंजिन बंद झाल्यामुळे स्टिअरिंग जड, ब्रेक दगडासारखा. मागून उसाचा ट्रक. त्या ड्रायव्हरने ऐन वेळी उजवीकडे काढला म्हणून आम्ही तिघं आहोत.

गॅरेजमध्ये फिल्टर बदलून झाला, रिले बदलून झाला, आठ-नऊ हजार गेले. शेवटी एका माजी विद्यार्थ्याने चासी नंबर कंपनीच्या साइटवर टाकून पाहिला. फ्युएल पंपाचा रिकॉल, म्हणजे सदोष भाग फुकट बदलून द्यायला कंपनीने गाड्या परत बोलावणं, २०२१चा, माझ्या गाडीवर अजून बाकी. शोरूमचं उत्तर: ‘सर, आम्ही तेव्हाच पत्र पाठवलं होतं.’ पुण्याला. मेसेजही त्याच जुन्या मोबाईलवर जात राहिले. गाडी आली का, पंप बदलला का, इतक्या वर्षांत कुणी पाहिलं नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. पंप बदलला की रिकॉल झाला, नुसतं पत्र टाकून होत नाही. दोष कारखान्यात झाला, तर तो निघेपर्यंत त्या गाडीचा माग काढणं कंपनीच्याच अंगावर आहे, मग गाडी चार हात बदलो. तुम्हाला काय वाटतं?

जुन्या गाड्यांचा धंदा, १६ वर्षं

मास्तर, घरची माणसं सुखरूप आहेत, हे पहिलं. पण सगळं कंपनीवर ढकलणं मला पटत नाही.

पत्र ज्याला मिळालं तो पहिला मालक गप्प बसला. फुकटचं काम होतं, एक दुपार गेली असती. त्याला कुणी का विचारत नाही? आणि घेणारा? माझ्याकडे गिऱ्हाईक येतं ते टायर बघतं, मीटर बघतं, ॲव्हरेज विचारतं, पाच हजारांसाठी दोन तास घासाघीस करतं. सोळा वर्षांत एकानेही ‘रिकॉल बाकी आहे का’ असं विचारलेलं नाही. जुनी गाडी स्वस्त मिळते ती तिच्या इतिहासासकट. इतिहास तपासायचा नसेल तर शोरूमची नवी घ्यावी.

चिंचोळी एमआयडीसी, क्वालिटी विभाग

मालक, इथेच गल्लत होते आहे. टायर गिऱ्हाइकाला दिसतो. टाकीत बुडालेल्या पंपाच्या आतला, पेट्रोल पुढे ढकलणारा प्लॅस्टिकचा इंपेलर फुगून अडकतोय, हे ना तुम्हाला दिसतं, ना मास्तरांना, ना गॅरेजवाल्याला. ते फक्त बनवणाऱ्याला कळू शकतं.

आणि त्याला कळतंच. आपल्या सोलापुरात बनलेले कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारे दांडे, परदेशी गाड्यांतही जातात. कास्टिंगवर हीट नंबर असतो. तक्रार आली तर तो लॉट कुठल्या दिवशी, कुठल्या भट्टीतून निघाला इथपर्यंत मागे जाता येतं. तसंच पुढेही जाता येतं. जानेवारी २०२३ मध्ये मारुतीने एअरबॅग कंट्रोलरसाठी बरोबर १७,३६२ गाड्या परत बोलावल्या, ८ डिसेंबर २०२२ ते १२ जानेवारी २०२३ या काळात बनलेल्या. इतक्या नेमकेपणाने गाड्या माहीत असतात. मग त्या आज कुणाच्या दारात उभ्या आहेत हे शोधायला काय हरकत आहे?

उशीर किती महागात पडतो ते टाकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगने दाखवलं. आतल्या अमोनियम नायट्रेटवर वर्षानुवर्षं उष्णता आणि दमटपणाचा परिणाम होऊन पिशवी फुगवणारे इन्फ्लेटर फुटायचे आणि जीव वाचवणाऱ्या पिशवीतून धातूचे तुकडे माणसाच्या गळ्यात घुसायचे. जगभरात सुमारे १० कोटी इन्फ्लेटर परत बोलवावे लागले. २०१७ मध्ये कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल केला, १०० कोटी डॉलर भरायचं मान्य केलं आणि त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. चाचण्यांची माहिती त्यांच्याकडे होती. ती त्यांनी फिरवून गाडीवाल्या कंपन्यांना दिली. माझ्या टेबलावर रोज टेस्ट रिपोर्ट सहीला येतात, म्हणून ही गोष्ट मला विसरता येत नाही.

गॅरेज, अक्कलकोट रोड

मी खालून गाडी बघणारा माणूस. कंपनीची चूक असते, नाही म्हणत नाही. पण लोकं काय करालेत तेपण लिहा की.

पुढं लोखंडी गार्ड ठोकून आणतात. २०१७ मध्येच केंद्राने त्यावर बंदी घातली. पुढचा धक्का सेन्सरपर्यंत नीट पोचला नाही तर एअरबॅग उघडायची कशी? सीट कव्हर असं शिवून घेतात की सीटमधली साइड एअरबॅग आतच कोंडते. बेल्टचा आवाज बंद करायला नुसती क्लिप खोचून ठेवतात. लाइट जास्त पाहिजेत म्हणून वायरिंग कापतात, मग गाडीनं धूर सोडला की कंपनीला शिव्या. मुंबई हायकोर्टाने २०२३ मध्ये सांगितलंय की टायर फुटणं ही देवाची करणी नव्हे, माणसाचा निष्काळजीपणा आहे. त्याचा दोष टायर बनवणाऱ्यावर नाही, गाडीवाल्याच्या बाजूवर आला होता. माझ्याकडे आठ वर्षांचे टायर घेऊन हैदराबादला निघालेली माणसं येतात. नको म्हटलं तरी जातात.

मास्तर, तुमच्या गाडीत आधीच्याने गॅस किट बसवलेलं होतं का, ते बघा. तसं असेल तर कंपनी तेच पुढं करणार.

मास्तर, जुळे सोलापूर

गॅस किट नव्हतं. पेट्रोलचीच आहे, काही कापलेलं नाही. तुमचं बाकी सगळं मान्य, बेल्टची क्लिप तर मी स्टाफरूममध्ये दोघांची काढायला लावली. पण मालकाचा निष्काळजीपणा आणि कारखान्यातला दोष एका पारड्यात घालू नका. मी गार्ड लावला तर माझा मला दिसतो. पंप मला कुणी सांगितल्याशिवाय कळणारच नव्हता.

ग्राहकांची प्रकरणं चालवणारी वकील, सोलापूर

कायद्यात यातलं बरंच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

२०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादनाच्या दायित्वाचं वेगळं प्रकरण आहे. कलम ८४ बनवणाऱ्याचं. कलम ८६ विक्रेत्याचं, आणि विक्रेत्यांनी ते वाचावंच: बनवणाऱ्याने दिलेली धोक्याची सूचना विकताना पुढे दिली नाही आणि त्यामुळे इजा झाली, तर विकणाराही बांधला जातो. कलम ८७ अपवादांचं आहे. ग्राहकाने वस्तूत फेरफार केला किंवा तिचा गैरवापर केला असेल तर विक्रेत्यावर दावा टिकत नाही, आणि अक्कलकोट रोडच्या दादांचं म्हणणं त्याच धाग्यावर जातं.

मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आलं. त्यानुसार केंद्र सरकार सदोष गाड्या परत बोलवायचा आदेश देऊ शकतं. नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत, पण हे सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना. आपल्या रस्त्यांवर त्याहून जुन्या गाड्या किती धावतात ते कुणाला सांगायला नको. मला ही मर्यादा चुकीची वाटते.

पुराव्याचं ओझं कुणावर, हे महत्त्वाचं. ह्युंदाईच्या एका गाडीच्या एअरबॅग अपघातात उघडल्या नाहीत. कंपनीचा बचाव, धक्का पुरेसा जोरात नव्हता. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ग्राहकाच्या बाजूने निकाल कायम ठेवला आणि म्हटलं की वेग आणि बळाची गणितं करणारा भौतिकशास्त्रातला तज्ज्ञ असण्याची अपेक्षा ग्राहकाकडून करता येत नाही.

मास्तर, शोरूमकडे तोंडी बोलू नका. चासी नंबर, साइटवरचा फोटो आणि गॅरेजची बिलं जोडून कंपनीला लेखी द्या. नाहीच ऐकलं तर इथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. सहसा दोन वर्षांची मुदत असते, ती घालवू नका.

रोज मंगळवेढा–सोलापूर

एका पंपावर एवढी चर्चा. गाळप सुरू झालं की मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही अशा उसाच्या ट्रॉल्या अंधारात उभ्या असतात. त्याला कुठला रिकॉल?

मास्तर, जुळे सोलापूर

त्यावर वेगळा धागा काढा, मी सही करायला पहिला येतो. पण त्याच अंधारात माझी गाडी बंद पडली तेव्हा ती दुसरी ट्रॉलीच झाली होती.

जुन्या गाड्यांचा धंदा, १६ वर्षं

वकीलताई, तुमचं कलम वाचून काल रात्री झोप लागली नाही. आवारात चौदा गाड्या आहेत. मुलाला घेऊन बसलो, एकेक चासी नंबर टाकला. अकरांचं कळलं, दोनवर रिकॉल बाकी निघाले. एक सीट बेल्टचा आहे. ती गाडी परवा बार्शीच्या एका जोडप्याला द्यायची होती. थांबवली.

पण तीन गाड्यांचं काहीच कळलं नाही. एका साइटवर जुन्या मालकाच्या मोबाईलवर ओटीपी जातो. दुसरीला फोन केला तर म्हणाले, मूळ ग्राहकालाच माहिती देतो. आता सांगा, सूचना माझ्यापर्यंत पोचूच देत नाहीत, तर मी पुढे कशी द्यायची? यात माझी जबाबदारी कुठून सुरू होते?

चिंचोळी एमआयडीसी, क्वालिटी विभाग

तुम्ही आता जे लिहिलंत ते मास्तरांचंच म्हणणं आहे, मालक. आज गाडी कुणाच्या नावावर आहे, त्याचा मोबाईल कोणता, हे आरटीओच्या ‘वाहन’ प्रणालीत असतं. जर्मनीत नोंदणी खातं रिकॉलसाठी आत्ताच्या मालकांचे पत्ते कंपनीला पुरवतं. गंभीर दोष दुरुस्त करून घेतला नाही तर गाडी रस्त्यावरून उतरवली जाते. इथेही नाव बदलताना चासी नंबर घातला की ‘रिकॉल बाकी’ दिसायला हवं.

जुन्या गाड्यांचा धंदा, १६ वर्षं

दिसलं तर मी दुरुस्त केल्याशिवाय एक गाडी विकणार नाही, हे इथे लिहून देतो. पण न दिसलेल्याचं माझ्यावर घालू नका. आणि पुण्याच्या त्या पहिल्या मालकाला मी अजूनही माफ करत नाही.

मास्तर, जुळे सोलापूर

त्या तीन गाड्यांच्या जुन्या मालकांचे नंबर तुमच्या कागदात असतीलच. आज फोन करा. मीही माझ्या पुण्याच्या मालकाला लावला होता. तो म्हणाला, पत्र आलं होतं, जाहिरात समजून टाकून दिलं.