आधी बूट की आधी जॅकेट? जांबोटी-कणकुंबीकडे मातीत गाडी घालणाऱ्यांनो, बोला

लालमाती
पाऊस तोंडावर आला की बेळगावची पोरं एक्सपल्स नाहीतर हिमालयन अशा मातीत चालणाऱ्या बाईक घेऊन जांबोटी-कणकुंबीकडे सुटतात. अंगात झकपक आर्मर (मार अडवणारं कवच), पाठीवर पाण्याची पिशवी, आणि पायात कॉलेजचे स्पोर्ट्स शूज! माझं म्हणणं असं, की हेल्मेट झालं की पुढचा पैसा बुटात घाला, मग गुडघ्यात. जॅकेट शेवटी.

आपल्याकडे माणूस पडतो कसा ते बघा. शेवाळलेला जांभा, ओली तांबडी माती, गाडी पहिल्या नाहीतर दुसऱ्या गिअरात. पुढचं चाक सरकतं, पाय आपसूक खाली टेकतो आणि १९६ किलोची हिमालयन ४५० त्याच पायावर आडवी होते. अंगाला खरचटतही नाही, घोटा मात्र जातो. ऑफ-रोड बुटाला नडगीवर कडक प्लेट असते, तळवा सहजी पिळत नाही. बुटांचं युरोपियन मानक ईएन १३६३४ आहे. त्यात बूट आडवा दाबला तर किती चेपतो तेही तपासतात. घेताना तो आकडा शिक्क्यात बघा.

टिळकवाडीकर
मान्य नाही. माती लागेपर्यंत जी डांबरी आहे ती कोण मोजणार? चोर्ल्याच्या रस्त्यावर गोव्याला जाणारे ट्रक आणि पर्यटकांच्या गाड्या, वळणावर समोरचा तुमच्या बाजूला आलेला. तिथं साठच्या वेगात पडलात तर कातडं सोलून निघतं. मातीत पडलेला उठून हसतो, डांबरावर पडलेला उठतोच असं नाही. म्हणून जॅकेट आधी, आणि तेही रस्त्याचं. मातीवाले जे जाळीचं आर्मर घालतात ना, त्याची जाळी डांबरावर घासली की फाटते आणि आतली प्लेट भलतीकडे सरकते. कपड्यांसाठी ईएन १७०९२ आहे, त्यात ए, एए, एएए असे चढते वर्ग. किमान एए घ्या.

लालमाती
टिळकवाडीकर, डांबरीचा मुद्दा खरा. पण मग मोटोक्रॉसचं, म्हणजे मातीतल्या शर्यतीचं, चोचवालं हेल्मेट घालून त्याच डांबरीवर ऐंशीनं जाणाऱ्यांना का नाही बोलत? चोचीत वारा भरतो, मान मागं ओढली जाते. तुमच्याच हिशेबानं ते आधी काढायला हवं.

गॅरेजवाले मामा
काय ओ, कशाची चर्चा करायलाय? पोरानं गाडी हप्त्यावर घेतल्या, बुटालाच दहा हजाराच्या वर सांगतासा! आमच्याकडची शेतातली माणसं गमबूट घालून चिखलातनं गाडी काढत्यात की. आयएसआयचं हेल्मेट, जाड जीन्स, गमबूट. बास की.

लालमाती
मामा, गमबूट चिखलासाठी आहे, सायलेन्सरखाली सापडलेल्या पायासाठी नाही. रबर चेपतं, वरून तापलं की चिकटतं.

खानापूरची सून
मामांचा पैशाचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. मात्र आयएसआयबद्दल एक सांगते. १ जून २०२१ पासून आयएसआय नसलेलं हेल्मेट देशात विकायलाच बंदी आहे, तरी रस्त्याकडेला टोपीसारखं हेल्मेट मिळतंच. तेव्हा नुसता शिक्का बघून भागत नाही. पट्टा बांधून मागून वर ओढा, डोक्यावरून निघालं तर परत द्या.

आणि बूट-जॅकेटच्या भांडणात गुडघा राहिला. बाजारातले बहुतेक नी-गार्ड पुरुषी मापाचे, माझ्या पायावर दहा मिनिटांत घोट्यापर्यंत उतरतात. अशा गार्डांचं मानक ईएन १६२१-१, त्यात दोन लेव्हल आहेत: पहिलीत सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत बल आत पोचलेलं चालतं, दुसरीत २० पर्यंतच. पण खाली सरकलेल्या लेव्हल टूपेक्षा जागेवर बसलेलं लेव्हल वन बरं. दुकानात उभं राहून बघू नका. बाहेर लावलेल्या गाडीवर बसा, फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यावर) उभं राहा, परत बसा. तरी गार्ड वाटीवरच असेल तर पैसे द्या.

टिळकवाडीकर
हे पटलं. जॅकेटलाही तेच लावा, कोपराचं पॅड दंडावर आलं तर उपयोग शून्य. माझा क्रम मात्र बदलत नाही.

गॅरेजवाले मामा
वहिनी बोलली ते बरोबर हाय. पण त्या बुटात पाणी शिरलं तर? आमच्या पावसात चार दिस वाळत नाही. पोरगं सोमवारी कामावर काय घालून जाणार, सांगा.

लालमाती
मामा, कामावर चप्पल घालू दे. आतला मोजा निघणारा असेल असाच बूट घ्यायचा, म्हणजे तो काढून चुलीजवळ टांगता येतो. बूट मात्र चुलीजवळ ठेवू नका, गोंद सुटतो. आणि कोणी भीमगडच्या बाजूला जंगलात गाडी घालायचा विचार करत असेल तर ते अभयारण्य आहे, तिथं बुटाचा प्रश्नच येत नाही.

टिळकवाडीकर
बरं, बूट घालून गिअर कसा लागतो ते सांगा. कडक बुटात लिव्हर कळतच नाही म्हणतात.

लालमाती
सुरुवातीला नाही कळत. लिव्हर ज्या दातेरी दांड्यावर बसतो त्या स्प्लाइनवर एक घर वर चढवून लावा, मामांकडे पाच मिनिटांचं काम आहे.

गॅरेजवाले मामा
आणा. त्याचे पैसे घेत नाही.